वहिनींच्या हातची गाडी

१२ मार्च

काल सकाळी ह्यांनी शेजारच्या टायरवाल्याचा दात पाडला. आज दुकानाची पायरी धुताना तो मला सापडला, मुळासकट. कागदात गुंडाळून त्याच्या बायकोला नेऊन द्यावा असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, ती बिचारी त्या दाताचं करणार काय? टाकून दिला.

कारण एवढंसं. त्याने ट्रकचे टायर आमच्या शटरसमोर रचले होते. ह्यांनी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची ह्यांची पद्धत नाही. टायर उचकटायची पहार त्याच्याच हातातून ओढून घेतली आणि त्याच्या तोंडावर घातली. तो पडला तरी हे थांबेनात. शेवटी पडल्या पडल्या त्याने जॅकचा दांडा फिरवला, तो ह्यांच्या उजव्या मनगटावर बसला. मी मागे स्वयंपाकघरात भांडी घासत होते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दुकानातच उघडते, त्यामुळे हाड मोडल्याचा आवाजसुद्धा आला.

डॉक्टरांनी बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलंय. दीड महिना तरी हात हलवायचा नाही.

खरं लिहायचं तर मला थोडा अभिमानही वाटला. माझ्या माहेरी सगळे पुरुष खाली मान घालून चालणारे. कुणी अंगावर ओरडलं तर आमचे बाबा "तुमचं बरोबर आहे" म्हणून मोकळे. ह्यांच्यापुढे मोठ्याने बोलायची कुणाची टाप नाही.

पण गॅरेजचं काय, हा प्रश्न होताच. तो ह्यांनीच सोडवला. म्हणाले, "दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक त्या चौकातल्याकडे जाईल. तू करायचंस. हात तुझे, डोकं माझं."

मी शिवणकाम करते, मोटारसायकल कशी करणार? पण नाही म्हणायची सोय नव्हती. ही डायरी तेलाचा एजंट दरवर्षी फुकट देऊन जातो. कोरी पडून होती. दुपारी हे झोपले की लिहीत जाईन. बोलायला घरात कुणी नाही. सासूबाईंशी बोलायचं म्हणजे कपाटाशी बोलल्यासारखं.

१५ मार्च

आज पहिली गाडी. इंजिन ऑइल बदलायचं होतं, बाकी काही नाही.

हे स्टुलावर बसून सांगत होते. गाडी आधी थोडा वेळ चालू ठेवायची. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग बंद करून मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, खाली पसरट ट्रे. इंजिनाच्या पोटाखाली एक बोल्ट असतो, तो पान्याने सैल करायचा आणि शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे. सोपं वाटलं.

पण गाडी चालू असताना ह्यांना फोन आला. बोलणं लांबलं. "बंद करू का?" असं मी विचारलं नाही, कारण फोनवर असताना मध्ये बोललेलं चालत नाही. बोल्ट सुटला तेव्हा तेल उकळतं होतं. मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेलं. मी किंचाळले आणि बोल्ट ट्रेमध्ये पडला.

ह्यांनी पाना फेकला. तो नडगीवर लागला. मला मारायचा म्हणून नव्हता फेकला, रागाने फेकला आणि मी नेमकी मध्ये होते.

सासूबाईंनी हातावर गार पाणी ओतलं. ओतता ओतता म्हणाल्या, "स्टुलाच्या पाठीमागे उभी राहत जा. त्याला वळून फेकावं लागतं. तेवढ्यात आत येता येतं."

मला हसूच आलं. ह्या बाईंना विनोद करता येतो हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

१९ मार्च

आज माझ्या हातून घोडचूक झाली.

कुरियरवाल्याची गाडी आली होती. जुनी, जड गाडी. हल्लीच्या गाड्यांना एकच तेल पुरतं, पण त्याच्या गाडीला इंजिनाचं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. गिअरबॉक्सचं तेल काकवीसारखं दाट, आणि वास असा की नाक धरावं. ह्यांनी दोन्ही डबे दाखवले होते. तरी मी नरसाळं लावून इंजिनाचं पातळ तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं.

ह्यांनी उठून डाव्या हाताने माझी मान पकडली आणि ट्रेमधल्या काळ्या तेलात तोंड दाबलं. "घे, वास घे! आता ओळखशील? ओळखशील का?" असं काहीतरी म्हणत होते. कानात तेल गेल्यामुळे नीट ऐकू आलं नाही. नाकातही गेलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर तोंडातही गेलं. मग सोडलं.

कुरियरवाला पानटपरीवर गेला होता म्हणून त्याने पाहिलं नाही, हे एक बरं झालं.

नंतर ह्यांनी स्वतः माझे केस धुतले. एका हाताने. आधी रॉकेल, मग साबण, मग पुन्हा साबण. मला पाटावर बसवलं होतं आणि हे मागे उभे. धुता धुता रडले. म्हणाले, "तू मला असं का करायला लावतेस?" मलाच वाईट वाटलं. एवढा मोठा माणूस, हात गळ्यात बांधलेला, आणि माझ्यापायी रडतोय.

एक मात्र खरं, दोन्ही तेलांचे वास मी आता जन्मात विसरणार नाही.

२६ मार्च

जमायला लागलं!

बोल्ट किती आवळायचा हे कुणाला सांगून समजत नाही. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर आटे जातात, कारण इंजिनाचा धातू मऊ. ह्यांनी सांगायचा खूप प्रयत्न केला. शेवटी मला माझं शिवणयंत्र आठवलं. दोऱ्याचा ताण बोटाला कळतो तसंच आहे हे. नवीन वायसर, म्हणजे बोल्टाखालची मऊ चकती, घालायचा, बोल्ट हाताने बसवायचा, मग पान्याने फिरवत गेलं की एका जागी वायसर चेपल्याचं कळतं. त्याच्यापुढे अगदी जरासं, बस.

गिअरबॉक्सचं तर आणखी सोपं. बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो काढून ठेवायचा आणि वरून तेल ओतत राहायचं. त्या भोकातून तेल यायला लागलं की भरलं. गाडी सरळ हवी मात्र.

कुरियरवाला आज मुद्दाम सांगायला आला. "वहिनी, गिअर असा पडतो की कळतसुद्धा नाही. दादा, राग मानू नका, पण इतकी वर्षं तुमच्याकडे येतोय, अशी गाडी कधी चालली नव्हती. आता माझी गाडी वहिनींच्याच हातची." आणि हसला.

हेही हसले.

संध्याकाळी जेवताना ताट भिंतीवर गेलं. मीठ जास्त झालं असणार. मला तरी लागलं नाही, पण दिवसभर तेलाचा वास घेऊन माझी चवच गेली असेल. ताटाची कड कपाळाला लागून भुवईवर खोक पडली. सासूबाई फरशी पुसायला बसल्या. मी त्यांना म्हटलं, "राहू द्या, मी पुसते." म्हणाल्या, "तू रक्त पूस आधी."

५ एप्रिल

आज ह्यांनी माझ्यासाठी मारामारी केली.

एक नवीन गिऱ्हाईक आलं. चांगला दांडगा माणूस. हे स्टुलावरून उठून पुढे गेले तर तो म्हणतो, "तुम्ही बसा हो. मला वहिनींकडून करून घ्यायचंय. त्या कुरियरवाल्याने पाठवलंय." एवढंच म्हणाला. ह्यांनी प्लास्टरचा हात गळ्यातल्या पट्टीतून काढला आणि सरळ त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. तो मागे गाडीवर कोसळला, गाडी त्याच्या पायावर. तरी ह्यांनी त्याच्या बरगडीत लाथा घातल्या. चार माणसं धावून आली तेव्हा कुठे सुटला. प्लास्टरला तडा गेलाय.

परक्या माणसाने माझं नाव घेतलेलं ह्यांना खपत नाही. एकेकाचं प्रेम असं असतं.

पण डॉक्टरकडून परत येताना रिक्षात मी म्हटलं, "तो बिचारा काही वाईट बोलला नव्हता." तर ह्यांनी माझ्या दंडाचं मांस चिमटीत धरलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी बाहेर बघत बसले.

१० एप्रिल

कुरियरवाला उद्या लांबच्या फेरीवर जाणार म्हणून दोन्ही तेलं बदलून घ्यायला आला. मी अगदी मन लावून केलं. इंजिनाचं काढलं, फिल्टर नवा, वायसर नवे. गिअरबॉक्सचं काढलं. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला होता, तो पुसून काढला. भरलं. गाडी चालू केली, बंद केली, थांबले, पातळी बघितली. खाली पांढरा कागद पसरून ठेवला. एक थेंब नाही.

मी हात पुसत होते तेव्हा हे म्हणाले, "जा, चहा टाक सगळ्यांना. मी एकदा नजर टाकतो."

चहा घेऊन आले तर हे गाडीखाली वाकलेले, डाव्या हातात पाना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वतःहून कामाला हात लावला. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, रुसवा गेला एकदाचा. ह्यांनी चहाचा कप माझ्याकडे परत दिला तेव्हा कपाच्या कानाला गिअरच्या तेलाचा वास येत होता. दोनदा धुवावा लागला.

कुरियरवाला जाताना मला म्हणाला, "येतो वहिनी." हे म्हणाले, "जपून जा रे." आज दिवस चांगला गेला.

१२ एप्रिल

कसं लिहू कळत नाही.

काल दुपारी धरणाच्या वळणावर कुरियरवाला पडला. गिअरबॉक्सचा बोल्ट वाटेतच गळून गेला होता. सगळं तेल मागच्या चाकावर. वळणावर चाक सटकलं आणि तो गाडीसकट समोरून येणाऱ्या ट्रकखाली गेला. डावा पाय गुडघ्याखालून काढला.

माझ्या हातून गेला त्याचा पाय.

सकाळी त्याचा भाऊ आला. हातात सळई होती. आल्या आल्या काउंटरची काच फोडली, मग ओळीने लावलेल्या तेलाच्या बाटल्या, मग आत उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या टाक्या. मी कोपऱ्यात उभी होते. तो ह्यांच्या अंगावर आला तेव्हा ह्यांनी प्लास्टरचा हात वर केला. "माझा हात बघ! मी कसं काम करणार? मी त्या गाडीला बोटसुद्धा लावलेलं नाही. हिने केलंय. हिला विचार."

आणि बाजूला झाले.

भावाने माझ्याकडे बघितलं. सळई उगारलेलीच होती. मग ती त्याने खाली टाकली आणि माझ्या कानाखाली अशी लगावली की मी तेलात घसरून पडले. सगळीकडे फुटलेल्या बाटल्यांचं तेल होतं, उठता येईना. तो म्हणत होता, "बाई आहेस म्हणून. बाई आहेस म्हणून सोडतोय." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "माझंच चुकलं. बोल्ट आवळायचा राहिला असेल."

दिवसभर माझा उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघतेय. वायसर चेपल्याचं कळलं होतं ना? की कळल्यासारखं वाटलं?

१४ एप्रिल

बसून लिहिता येत नाही, आडवी पडून लिहितेय. अक्षर वाईट येतंय.

काल ह्यांनी शटर अर्धं ओढून मला कंबरपट्ट्याने मारलं. पट्टा तुटला तेव्हा क्लचची जुनी केबल घेतली. "माझ्या दुकानाचं नाव घालवलंस. माझ्या बापाने उभं केलेलं दुकान." खोटं नाही ते. मी ओरडले नाही. त्या माणसाचा पाय गेला, मला एवढं तर व्हायलाच हवं, असं मनात येत होतं. बरगडी मोडली असावी, श्वास घेताना आत टोचतं.

सासूबाई रात्री शेक द्यायला आल्या. बराच वेळ बसून राहिल्या. मी विचारलं, "आई, माझ्याकडून कसं राहिलं हो?" त्या म्हणाल्या, "तू झोप." आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मुलाचं दुकान बुडालं म्हणून रडत असतील.

१९ एप्रिल

हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. घरी सांगितलं नाही.

कुरियरवाला खिडकीजवळच्या खाटेवर होता. चादर डावीकडे मध्येच सपाट झालेली. मी त्याच्या पायाशी... मी खाटेशी उभी राहिले आणि हात जोडले. म्हटलं, "मी बोल्ट नीट आवळला नाही. मला शिक्षा होऊ दे."

तो माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिला. "माझ्या भावाने मारलं?"

"त्याने एकच मारली."

"मग बाकीचं?"

मी पदराने तोंड झाकलं. तो म्हणाला, "वहिनी, पण शेवटी तर दादांनी आवळला ना तो."

"कोणता?"

"खालचा. तुम्ही चहा करायला गेलात तेव्हा. मी बघत होतो की. मला म्हणाले, 'बायकांचा हात, परत एकदा आवळतो.' चांगला दोनतीनदा पाना फिरवला. म्हणून तर मी निर्धास्त गेलो."

मी आवळलेला बोल्ट आणखी दोनतीनदा फिरवता येत नाही. आटे जातील आणि तेल तिथेच गळेल. फिरवता येतो तो उलटा.

आणि भावासमोर तो, माझा नवरा, म्हणाला होता, गाडीला बोटसुद्धा लावलेलं नाही.

तिथून बसस्टॉपपर्यंत कशी आले आठवत नाही. मनात सारखं चाललंय, डाव्या हाताने काम करायची सवय नाही त्याला, उलटा फिरला असेल चुकून. चुकूनच झालं असेल. उद्या विचारते.

२० एप्रिल

विचारलं.

सकाळी एक गाडी आली होती, वाट चुकलेलं गिऱ्हाईक, आमचं काही ऐकलेलं नसणार. तेल काढायला लावलं आणि तो माणूस बँकेत जाऊन येतो म्हणून गेला. ट्रेमध्ये गरम तेल पडत होतं. नवरा स्टुलावर. मी बसल्या बसल्याच म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही कुरियरवाल्याचा बोल्ट सैल केलात का?"

मला वाटलं होतं, नाही म्हणेल. ओरडेल. तो म्हणाला, "जरासाच केला होता."

किती साधेपणाने म्हणाला.

"मला वाटलं, तेल गळेल. येईल बोंबलत, की वहिनींनी माझी गाडी बिघडवली. चार लोक ऐकतील. वहिनी, वहिनी, वहिनी! माझ्या दुकानात येऊन मला सांगतात, तुम्ही बसा. पाय जाईल हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"आणि मला मारलंत."

"मग काय करू? सगळे बघत होते."

मी म्हटलं, "मी पोलिसांना सांगणार."

मग तो उठला. तीच पकड, मानेवर. पण ह्या वेळी ट्रेमधलं तेल वाफाळत होतं. त्याची धग माझ्या पापण्यांना लागली. मी दोन्ही हातांनी ट्रेची कड धरून मान वर रेटत होते, हात भाजत होते, आणि तो सगळं वजन टाकत होता. ट्रे कलंडला. तेल त्याच्या पायांवर गेलं. तो ओरडला, पकड सुटली.

मोठा पाना माझ्या हाताशी होता. पहिला तडाखा प्लास्टरवर घातला. ते पूर्वी तडकलेलंच होतं, फुटलं. दुसरा पण तिथेच. तो खाली बसला तेव्हा खांद्यावर घातला, मग गुडघ्यावर. मी काहीतरी ओरडत होते, काय ते मला ठाऊक नाही. तो म्हणत होता, "बास, बास ग, लागतंय." लागतंय म्हणत होता! मी घालतच राहिले.

शटर खडखडत खाली आलं. सासूबाईंनी ओढलं होतं. अंधारात मला वाटलं, आता त्या आपल्या मुलाला सोडवायला येतील. त्या शटरला पाठ लावून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आता थांब. मेला तर तुला आत जावं लागेल. त्याला जाऊ दे आत."

मग पाना माझ्या हातातून घेतला आणि फडक्याने पुसून जागेवर टांगला. पायात चपला घातल्या, मला म्हणाल्या, "चल."

२४ एप्रिल

पोलिसांनी त्याला हॉस्पिटलमधूनच ताब्यात घेतलं. दोन्ही पायांवर फोड आलेत आणि हात पुन्हा मोडलाय, वेगळ्या जागी. कसं झालं असं साहेबांनी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "स्टुलावरून पडला." साहेब माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आणि ह्या?" सासूबाई म्हणाल्या, "हिला त्याने मारलं. ते नीट लिहा."

मग त्यांनी जबानी दिली. म्हणाल्या, "माझ्या मुलाने बोल्ट सैल केला. मी बघितलंय. खिडकीतून."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

 घराच्या दाराशी आल्यावर मला राहवेना. "तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी माहीत होतं! कुरियरवाला रात्रभर त्याच्या घरी होता. सकाळी निघायच्या आधी एक फोन केला असतात तर आज त्याचा पाय असता."

"हो."

"नुसतं हो?"

"माझी सासू त्याच खिडकीत उभी असायची, मला मार पडायचा तेव्हा. मला वाटायचं, एकदा आपण खिडकीत उभं राहायला लागलो की सुटलो."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, हात उचललाही. त्यांनी डोळे मिटले, सरावाने मिटतात तसे, आणि वाट बघत उभ्या राहिल्या. मी हात खाली घेतला आणि आत गेले.

९ मे

तो जामिनावर सुटलाय. मित्राकडे राहतो. आज आला.

मी गिअरबॉक्समध्ये तेल भरत होते. त्याला बघूनही नरसाळं सोडलं नाही, सोडलं असतं तर सगळं तेल बाहेर. तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "मला आईला भेटायचंय." मग आत येत म्हणाला, "दुकान माझ्या बापाचं आहे. तू कोण?"

मी उठले. पाना हातात होता. तो आणखी एक पाऊल आत आला आणि माझा हात शिवशिवायला लागला. मनात म्हणत होते, उचल. एकदाच हात उचल. मग मी बघते. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि काय दिसलं कोण जाणे, मागे सरकला. घाबरला तो. मला घाबरला.

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ते तसं वाटलेलं मला आवडलं नाही, पण वाटलं हे खरं.

सासूबाई आतून आल्या. म्हणाल्या, "भेटलास. आता जा. पुन्हा आलास तर मीच पोलिसांकडे जाईन, हिला जावं लागणार नाही." तो गेला. मी त्यांच्याशी अजून बोलत नाही. पण दुपारी दोघींचा चहा केला.

२८ जून

आज कुरियरवाल्याचा भाऊ गाडी घेऊन आला. टेंपोत घालून. मागे टेंपोतच कुरियरवाला बसलेला, कुबड्या मांडीवर. भावाने माझ्या नजरेला नजर दिली नाही. गाडी उतरवून म्हणाला, "हा ऐकत नाही. म्हणतो, वहिनींच्याच हातून." आणि थोड्या वेळाने, जमिनीकडे बघत, "मी त्या दिवशी..." मी म्हटलं, "मधल्या स्टँडवर लावा. गाडी सरळ हवी."

गिअरबॉक्सचं आवरण बदलावं लागलं, मागचं चाक, हँडल. दिवस त्यातच गेला. कुरियरवाला बाकावर बसून बघत होता. मी नवीन बोल्ट हाताने बसवला, पाना लावला. वायसर चेपल्याचं कळलं. तरी माझा हात तिथून निघेना. तो म्हणाला, "झालाय, वहिनी. तुमच्या खांद्याकडे बघून कळतं."

सगळं झाल्यावर भाऊ म्हणाला, "मी चालवून बघतो."

"तू नको. वहिनी चालवतील, मी मागे बसणार." भावाने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "मी गल्लीबाहेर कधी नेली नाही." तो म्हणाला, "मग आज न्या. धरणाच्या वळणावरून न्यायची."

भावाने त्याला उचलून मागच्या सीटवर बसवलं. त्याने दोन्ही हातांनी माझ्या कमरेला विळखा घातला. रस्त्याला लागलो. वळण दिसायला लागलं तसे त्याचे हात आवळत गेले. माझी बरगडी पुरती बरी झालेली नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी त्याला काही सांगितलं नाही.

"हळू घेऊ का?" मी ओरडून विचारलं.

"नाही! त्या दिवशी होती तेवढ्याच वेगात."

समोरून ट्रक येत होता.  त्याचं कपाळ माझ्या पाठीत रुतलं होतं आणि तो शिव्या देत होता, ट्रकला, रस्त्याला, माझ्या नवऱ्याला, देवाला, एकापाठोपाठ एक. मी गाडी कलती केली. ट्रकचं वारं अंगावरून गेलं. मागचं चाक जागच्या जागी चिकटून राहिलं.

वळण संपल्यावर मी कडेला थांबले. गाडी दोन्ही पायांवर तोलून धरली.  माझ्या कमरेवरचे त्याचे हात सैल झाले.

मग तो म्हणाला, "परत एकदा."

मी गाडी वळवली.